चिकित्सेचा पाचवा पाद

शाळेत इतिहास शिकविताना खर्ड्याच्या लढाईचा पाठ आला म्हणजे आमचा आवाज नकळत चढत असे. इ. स. १७९५ च्या मार्च महिन्यात पेशवे, शिंदे, होळकर आणि नागपूरकर भोसले एका निशाणाखाली उभे राहिले आणि निजामाच्या फौजेचा मोड झाला, तो या खर्ड्यास. फळ्यावर नगर जिल्ह्याची आकृती काढावी, तिच्या आग्नेय कोपऱ्यात जामखेड तालुका दाखवावा, त्यात एक ठसठशीत टिंब द्यावे आणि मुलांस सांगावे की, 'एकी झाली म्हणजे काय होते ते या टिंबात आहे', असा आमचा तीस वर्षांचा परिपाठ होता. परंतु त्याच तालुक्यात १९७० सालापासून दुसरी एक लढाई चालू होती. तीत लढणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या, त्यांतील पुष्कळजणींस स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, आणि त्यांनी जो शत्रू हटविला तो निजामाहून प्रबळ होता. ही गोष्ट आम्ही एकाही वर्गास सांगितली नाही. कारण ती आम्हांसच ठाऊक नव्हती.

वाचक म्हणतील की, पेन्शनीत निघालेल्या पंतोजीस आता आरोग्याच्या विषयाची उठाठेव कशाला? प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर आमच्या घरातील एका जुन्या दुःखात आहे व ते आधी सांगितल्यावाचून पुढील मजकुरास अर्थ येणार नाही.

गोष्ट १९७५ सालच्या वैशाखातली. आम्ही त्या वेळी पंधरा वर्षांचे होतो व पुढील वर्षी मॅट्रिकला बसावयाचे म्हणून आजोबांपाशी संस्कृताचा अभ्यास करीत होतो. वाड्यात लहानमोठी मिळून बावीस माणसे. त्यांत एक वकील, दोन पदवीधर, आणि आजोबा तर पंचक्रोशीत शास्त्री म्हणून मान्यता पावलेले. त्यांच्या फडताळात चरक आणि सुश्रुत रेशमी रुमालात बांधून ठेवलेले असत. धाकट्या काकूंचा मुलगा चौदा महिन्यांचा होता. त्यास पहाटे जुलाब सुरू झाले, मग वांत्या. घरातील वडील मंडळींचे एकमत पडले की, पाणी देऊ नये. पाणी द्यावे तितके बाहेर पडते, पोटास विश्रांती हवी. हे कोणी दुष्टपणाने म्हटले नाही. त्यांच्या आईने, आजीने हेच सांगितले होते. आम्हांस त्याच्या उशाशी बसविले होते. तो पाण्याच्या भांड्याकडे हात करी, आणि आम्ही आज्ञाधारकपणे ते भांडे दूर सारीत असू. दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले व रडताना डोळ्यांत पाणी येईनासे झाले. संध्याकाळी डॉक्टर आले. परंतु तोवर फार उशीर झाला होता. काकू पुढे पुष्कळ वर्षे होत्या. त्यांनी त्याचे नाव पुन्हा कधी काढले नाही, आणि आम्हीही ते भांडे कधी विसरलो नाही.

ते मूल कशाने गेले? जुलाबाने नव्हे, तर शरीरातील पाणी आणि क्षार संपल्याने. आतड्यास रोग झालेला असतानाही त्याची एक शक्ती बहुधा शाबूत असते: साखरेचा अंश आत घेताना ते त्याबरोबर मिठाचा अंशही ओढून घेते, आणि त्यांच्यामागून पाणी आपोआप आत जाते. नुसते पाणी पुरत नाही, नुसते मीठ पुरत नाही. दोहोंस साखरेची सोबत लागते. हे ज्ञान त्या वेळी अस्तित्वात नव्हते असे नाही. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तियुद्धाच्या वेळी बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व खायचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपे भरली आणि रोग्यांच्या नातलगांच्याच हाती पेले दिले. जेथे शेकडा तीसपर्यंत रोगी दगावत होते, तेथे हे प्रमाण शेकडा चाराच्या खाली आले. १९७८ साली 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय पत्राने, साखर आणि मीठ यांच्या या जोडीचा शोध हा कदाचित शतकातील सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, असा अभिप्राय दिला.

म्हणजे आमच्या घरात ते मूल तहानेने तळमळत होते, त्याच्या चार वर्षे आधी ही विद्या जगास मिळाली होती. परंतु ती आमच्या वाड्यापर्यंत आली नव्हती. आमच्या घरी पुस्तकांची कपाटे होती, स्वयंपाकघरात मीठ होते, साखर होती आणि आडाला पाणी होते. नव्हता तो फक्त सांगणारा. आणि ज्या काळी शास्त्र्यांच्या वाड्यात हा सांगणारा नव्हता, त्याच सुमारास जामखेडच्या आसपासच्या खेड्यांत तो, किंवा खरे म्हणजे ती, घरोघर फिरू लागली होती. निवृत्तीनंतर आरोळे पतिपत्नींचा १९९४ साली प्रसिद्ध झालेला जामखेडविषयीचा ग्रंथ आमच्या हाती पडला, तेव्हा हे आम्हांस प्रथम समजले, आणि त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

डॉ. रजनीकांत आरोळे हे नगर जिल्ह्यातलेच. त्यांच्या पत्नी डॉ. मेबल. दोघांनीही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, नगर जिल्ह्यातील एका मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केले. तेथे त्यांच्या ध्यानात आले की, आज बरा करून पाठविलेला रोगी दोन महिन्यांनी त्याच रोगाने पुन्हा दारात उभा असतो. पाणी घाण, अन्न अपुरे, समजुती चुकीच्या. मग औषधाने काय होणार? पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि १९७० साली परत येऊन जामखेडास बिऱ्हाड केले. जामखेड म्हणजे पर्जन्यछायेतला कोरडा तालुका. गाव लहान, रेल्वेचा रूळ नाही, आणि भोवताली ज्वारीवर जगणारी खेडी. त्या वेळी या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. दर सहा पाळण्यांतील एक रिकामा होत असे, असे म्हटले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल.

उभयतांनी आरंभी गावकऱ्यांस विचारले की, तुम्हांस काय हवे? गावकऱ्यांनी औषध मागितले नाही. त्यांनी पाणी आणि अन्न मागितले. लौकरच १९७२ चा भयंकर दुष्काळ आला आणि त्या मागणीचे मर्म सर्वांस पटले. कूपनलिका खोदण्याचे ठरले, तेव्हा गावोगावी एक जुनाच प्रश्न उभा राहिला: पाणी कोणाच्या दाराशी? आजवर उत्तर ठरलेले असे. यावेळी कूपनलिका दलित वस्तीत घेण्याचा आग्रह धरण्यात आला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या विहिरीपासून दूर उभे राहून ओंजळीची वाट पाहिली, त्यांच्या दाराशी आता वरच्या आळीच्या घागरी येऊ लागल्या. तहान लागली म्हणजे माणसास सोवळे आठवत नाही, ही गोष्ट शास्त्रार्थ करून सिद्ध झाली नसती; ती पंपाच्या दांड्याने सिद्ध झाली.

येथे आम्हांस थांबून एक कबुली दिली पाहिजे. आमच्या वाड्यातल्या आडावरही बाहेरच्या बायका येत. त्या कठड्यापासून चार हात दूर उभ्या राहत, आणि आमच्या आत्या वरून त्यांच्या घागरीत पाणी ओतीत. आम्ही लहानपणी हे रोज पाहिले, आणि त्यात काही विपरीत आहे असे आम्हांस वाटले नाही. आपण पाणी देतो, हे पुण्यकर्मच आहे, असे वाटे. आपण पाणी देतो म्हणजे ते आपले आहे, हे त्या पुण्याच्या पोटात दडलेले वाक्य आम्हांस फार उशिरा वाचता आले.

आता मुख्य गोष्ट. खेड्यात आरोग्याची शिकवण कोणी द्यावी? प्रथम सर्वांस सुचेल तेच त्यांस सुचले. शिकलेल्या, प्रमाणपत्र मिळविलेल्या परिचारिका खेड्यांत पाठविल्या. हा बेत फसला. त्या मुली परगावच्या. खेड्यात एकटीने राहणे त्यांस जड जाई, आणि गावच्या बायकांसही त्यांचे बोलणे परके वाटे. तेव्हा दुसरा मार्ग निघाला: प्रत्येक गावाने आपल्यातीलच एक स्त्री निवडावी. निवडून आल्या त्या बहुतेक मध्यम वयाच्या, लेकुरवाळ्या, निरक्षर. त्यांतील कित्येक दलित, कित्येक परित्यक्ता वा विधवा. ज्यांचा सल्ला गावाने कधी विचारला नव्हता, त्यांच्या हाती गावाने आपली मुले दिली.

या बायका दर आठवड्यास जामखेडास येत, मुक्काम करीत आणि एकमेकींच्या संगतीत शिकत. पहिले दिवस सोपे नव्हते. निरनिराळ्या जातींच्या बायका. एका पंगतीस बसावयाचे कसे, एका खोलीत निजावयाचे कसे, येथूनच धड्यास आरंभ. एकत्र रांधणे, एकत्र जेवणे, रात्री एकाच मोठ्या वाकळेखाली निजणे, हीही त्यांच्या अभ्यासक्रमातील प्रकरणेच होती, असे म्हटले पाहिजे. दिवसा मग चित्रांच्या साहाय्याने, गाण्यांतून, प्रश्नोत्तरांतून विद्या चाले. बाळ कसे तोलावे, नाळ स्वच्छ पात्याने कशी कापावी, गर्भिणीचा धोका कोणत्या खुणांनी ओळखावा, महारोगाचा पहिला बधिर चट्टा कसा पारखावा, खोकला किती दिवस टिकला म्हणजे क्षयाची शंका घ्यावी, आणि जुलाब झालेल्या मुलास मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे. आठवड्याची विद्या गाठीस बांधून त्या गावी परत जात, आणि ती लगेच दारोदार खर्च करीत.

समजुती बदलणे हे औषध देण्याहून अवघड असते. गर्भिणीने पोटभर जेवू नये, म्हणजे मूल लहान राहून सुटका सुलभ होते. बाळंतिणीच्या पहिल्या दिवसांतील चिकाचे दूध घाण असते, ते पिळून टाकावे. या समजुती काय फक्त खेड्यातल्या होत्या? आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी वृद्ध स्त्रिया आहेत, त्यांनी त्यांस विचारून पाहावे. चिकाच्या दुधात बाळास रोगापासून राखणारे द्रव्य असते, ते जन्मानंतर तासाभरातच बाळाच्या मुखी जावे आणि पहिले सहा महिने मातेच्या दुधावाचून, पाण्याचाही थेंब, काही देऊ नये, हे आज वैद्यकाचे सर्वमान्य मत आहे. हे मत छापून आल्याने घरात शिरत नाही. ज्या बाईने स्वतः दोन मुले गमावली आणि तिसरे या रीतीने वाढविले, ती शेजारणीच्या उंबऱ्याशी बसून सांगते, तेव्हा ते शिरते.

पुरुष मागे राहिले असते, तर काम अर्धे राहिले असते. त्यांस बोलावून व्याख्यान दिले तर येणार कोण? म्हणून डॉक्टर संध्याकाळी त्यांच्याबरोबर हॉलीबॉल खेळू लागले! खेळ संपल्यावर घाम पुसता पुसता बोलणी निघत. त्यातून शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली, पाठोपाठ महिला मंडळे झाली. या मंडळांनी सांडपाण्यासाठी शोषखड्डे खणले, झाडे लावली, ओढ्यानाल्यांचे पाणी अडविले. दाराशी साचणारे पाणी जमिनीत जिरले म्हणजे डास कमी होतात, हे आरोग्यखात्याचे काम की शेतकऱ्याचे? जामखेडने असा प्रश्न विचारला नाही. महारोगी पूर्वी गावाबाहेर काढला जाई. आता रोग लौकर ओळखला जाऊन तो आपल्याच घरात राहून औषध घेऊ लागला. जामखेड गावातील रुग्णालय आपल्या ठिकाणी राहिलेच. शस्त्रक्रिया, अडलेली बाळंतपणे तेथे जात. फरक एवढाच की, रोगी तेथे पूर्वीपेक्षा वेळेवर पोहोचू लागला, कारण वाट दाखविणारी गावातच होती.

फळ काय मिळाले? पाच वर्षांत, १९७६ पर्यंत, हजारी १७६ चा तो बालमृत्यूचा आकडा ५२ वर आला, आणि पुढे १९९० नंतरच्या दशकात तो विशीच्या आसपास उतरला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांनी स्वतः राखलेल्या आरोग्याचे निरनिराळ्या देशांतील प्रयोग एका ग्रंथात संकलित केले. त्यात आरोळे उभयतांनी लिहिलेला जामखेडचा वृत्तांत आहे. १९७८ च्या सप्टेंबरात आल्मा-आटा येथे राष्ट्रांची परिषद भरून 'सर्वांस आरोग्य' अशी घोषणा झाली, तिच्यामागे ज्या प्रयोगांचे बळ होते त्यांत आमच्या या दुष्काळी तालुक्याचीही गणना होते. १९७९ साली उभयतांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले. त्यांनी लावलेली रीत मात्र त्यांच्यापुरती राहिली नाही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने प्रत्येक हजार वस्तीस एक 'आशा' नेमण्याचे ठरविले, ती याच कल्पनेची धाकटी बहीण म्हणावी.

या बायकांपैकी मुक्ताबाई पोळ या १९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे भरलेल्या एका आरोग्य परिषदेत बोलावयास उभ्या राहिल्या. सभागृहात झुंबरे लखलखत होती. त्यांनी झुंबरांकडे बोट दाखवून सांगितले, त्याचा आशय असा की, डॉक्टर या झुंबरांसारखे असतात. सुंदर, परंतु महाग आणि दूर. मग त्यांनी आपल्याजवळच्या दोन पणत्या काढल्या, एकीने दुसरी लावली आणि म्हणाल्या की, आम्ही अशा. स्वस्त, साध्या, परंतु एकीचा उजेड दुसरीस देता येतो. विद्या हे असे धन आहे की जे दिल्याने वाढते, हा अर्थ आम्ही तीस वर्षे मुलांकडून पाठ करून घेतला. तो अर्थ जगून दाखविणारी बाई मात्र आमच्या शाळेत कधी बसली नव्हती.

आता आमच्या आजोबांच्या त्या रेशमी रुमालाकडे वळू. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, शुश्रूषा करणारा आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण. शुश्रूषा करणाऱ्याच्या ठिकाणी कोणते गुण हवेत? उपचाराचे ज्ञान, दक्षता, प्रेम आणि शुचिता. वाचकहो, या चारांत अक्षरज्ञान नाही, कुल नाही, गोत्र नाही. आम्ही हे प्रकरण बालपणी वाचले होते, अर्थही सांगू शकत होतो. परंतु या चार गुणांनी युक्त अशी व्यक्ती आमच्या आडाच्या कठड्यापासून चार हात दूर, रिकामी घागर घेऊन उभी असू शकेल, हे काही आमच्या मनात आले नाही. ग्रंथ आमच्या घरात होता आणि त्याचा अर्थ दाराबाहेर उभा होता.

आणि आमच्या अल्पमतीस वाटते की, जामखेडने या चार पादांस पाचवा जोडला. तो म्हणजे शेजार. रोग सोवळे पाळीत नाही. खालच्या आळीच्या गटारातील माशी वरच्या आळीच्या ताटावर बसते, आणि तिला आडनाव विचारता येत नाही. आपले घर कितीही स्वच्छ राखले, तरी गल्ली आजारी असेल तर घर निरोगी राहणार नाही. आमच्या सुशिक्षित कुटुंबांची आरोग्याची कल्पना बहुतेक उंबऱ्याच्या आतली असते. गाळून घेतलेले पाणी, उत्तम डॉक्टर, वर्षाकाठी एक तपासणी. हे चांगले आहे, परंतु पुरेसे नाही. जामखेडची खेडी आमच्याहून गरीब होती. तरी पाच वर्षांत त्यांनी जे साधले ते एकेका घराने साधले नाही, एकत्र येऊन साधले.

हे लिहिण्याआधी आम्ही एक लहानशी परीक्षा घेतली. मास्तरांची खोड जात नाही! आमच्या गल्लीत आम्ही ज्याच्या-त्याच्या घरी सहज विचारले की, मुलास जुलाब झाले तर मीठ-साखरेचे पाणी कोणत्या प्रमाणात करावे? पदवीधर गृहस्थांपैकी कोणी 'अंदाजाने' म्हणाले, कोणी 'गूगल करून पाहतो' म्हणाले. आमच्या सूनबाई एम. एस्‌सी. आहेत, त्या हसून म्हणाल्या, "बाबा, औषधाच्या दुकानात पुडी मिळते की!" तेवढ्यात पोळ्या करावयास येणाऱ्या बाईंनी लाटणे न थांबविता सांगितले, "लिटरभर पाण्याला साखर सहा चमचे, मीठ अर्धा. चमचा सपाट हवा, शीग नको." आम्ही विचारले, "हे तुम्हांस कोणी सांगितले?" त्या म्हणाल्या, "आमच्या वस्तीत आशाताई येतात ना."

त्यांचे प्रमाण अगदी बरोबर होते. वाचकांच्या सोयीसाठी ते येथे पुन्हा देतो: एक लिटर, म्हणजे सुमारे पाच पेले, उकळून गार केलेले पाणी, चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ अधिक होता कामा नये. चव आसवांहून खारट लागता उपयोगी नाही. घोटाघोटाने पाजावे, वांती झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा आरंभ करावा, अंगावरचे दूध व अन्न बंद करू नये. दुकानातील ओ. आर. एस. ची पुडी मिळत असेल तर अधिकच उत्तम. जस्ताच्या गोळ्या दहा ते चौदा दिवस देण्याची आता शिफारस आहे. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने पाळावी. शौचात रक्त दिसले, मूल गुंगीत गेले, पिईनासे झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी बंद झाली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. हा कागद कापून स्वयंपाकघराच्या दारामागे डकवावा, अशी आमची सर्व गृहिणींस, आणि विशेषतः गृहस्थांस, विनंती आहे.

त्या दिवशी दुसऱ्या एका गोष्टीने आम्हांस अधिक लाजविले. त्या आशाताई गतवर्षी आमच्या दाराशीही येऊन गेल्या होत्या. घरात लहान मूल आहे का, लशी झाल्या का, असे विचारीत होत्या. आम्ही दारातूनच 'आमचे सर्व डॉक्टरांकडे असते' असे सांगून त्यांस वाटेस लावले. 'बसा' म्हटले नाही, पाणी विचारले नाही. भर दुपार होती. पन्नास वर्षांपूर्वी एका तान्ह्याच्या ओठांपुढून आम्ही भांडे दूर सारले ते अज्ञानाने. या वेळी कशाने सारले, याचे उत्तर आमच्यापाशी नाही, किंवा आहे ते लिहिण्यासारखे नाही.

म्हणून गेल्या रविवारी आमच्या सौभाग्यवतीने आशाताईंस बोलावणे पाठविले. वाड्याच्या ओसरीवर सतरंजी अंथरली. गल्लीतील बारा घरच्या बायका आल्या, पोळ्यांच्या बाई आपल्या दोन शेजारणींस घेऊन आल्या, पुरुषही चारपाच आले. आशाताई आरंभी संकोचल्या. 'मास्तर, तुमच्यापुढे मी काय सांगू?' असे म्हणाल्या. आम्ही सांगितले की, आज मास्तर तुम्ही, आम्ही पहिल्या बाकावर बसतो. त्यांनी तासभर सांगितले. शेवटी ठरले ते असे: गल्लीच्या टोकाशी साचणाऱ्या पाण्यासाठी वर्गणी काढून शोषखड्डा खणावयाचा, दर शनिवारी प्रत्येक घरी पाण्याची भांडी, कुंड्या कोरड्या करावयाच्या, पलीकडच्या वस्तीत कोणत्या मुलाची लस राहिली आहे याची यादी ताईंस देण्याचे काम सूनबाईंनी पत्करले, आणि पुढील महिन्याची सभा आमच्या ओसरीवर न भरता वस्तीतल्या समाजमंदिरात भरावयाची. ही शेवटची सूचना पोळ्यांच्या बाईंची. ती क्षणभर कोणास रुचली नाही, आणि मग सर्वांस पटली.

हे काही जामखेड नव्हे. एक गल्ली आहे, एक खड्डा आहे, आणि उत्साह किती दिवस टिकेल हे दिसेलच. तथापि सभा उठल्यावर आमच्या सौभाग्यवतीने सर्वांस एकाच पिंपातून, एकाच ओळीतल्या पेल्यांतून पाणी दिले. ऐंशीच्या घरातल्या आमच्या आत्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून सर्व पाहत होत्या. त्यांनी आपला पेला उचलला, शेजारी बसलेल्या वस्तीतल्या बाईंकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "आधी तुम्ही घ्या, उन्हातून आलात."

असो. पुढील महिन्यात शोषखड्ड्याचे काय झाले ते खरेखरे कळवू. वाचकांपैकी कोणाच्या गावी असा काही उद्योग चालू असल्यास त्यांनीही अवश्य लिहावे.